हनीफभाईंचं थान आणि माझी कात्री

सुनंदा, इकडे ये. अशी जवळ बस आणि ते घड्याळ आधी काढून ठेव. चिठ्ठीत कुणी जवळ बस म्हणतं का, असं म्हणून हसशील, हस. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पुढचं सगळं शिवणाच्या मशीनवर बसून शिकले, त्यामुळे मी बोलते तशीच लिहिते. तुझ्यावर जरा रागवायचं आहे. दिवाळीत तू लाल छापाचा स्कर्ट घालून आलीस. पुण्याच्या फुटपाथवर एक्स्पोर्टचा उरलेला माल स्वस्तात मिळाला म्हणून सगळ्यांना फिरून दाखवलास. लेबल दाखवलंस, किंमत सांगितलीस, पण कुणी शिवला असेल हे एकदाही मनात आलं नाही तुझ्या. वर मला म्हणतेस, "मावशी, मजा आहे बाई तुझी, पंधरा-पंधरा दिवस उज्जैनला देवदर्शन." देवाच्या दारात मी शेवटच्या दिवशी गेले, तेही पायात चपला घालता घालता. मी उज्जैनला गेले होते ते एका कायद्यापायी. तेव्हा ऐक.

आमच्या धुळ्यातल्या शिवणमंडळाला मुंबईच्या एका शेठजींचं काम मिळालं होतं हे तुला ठाऊक आहे. बाजार खुला झाला, आता परदेशात माल पाठवायला कुणाच्या दाराशी उभं राहायला नको, असं तेव्हा जो तो सांगत होता. आमचं काम कसं चालायचं ते बघ. कोरं कापड मालेगावच्या मागावरचं, ते मंडळ विकत घेणार. छपाई उज्जैनजवळच्या भैरवगढला, तिथल्या छीपांकडे (छीपा म्हणजे ठशांनी कापड छापणारे कारागीर). तिथून कापड परत धुळ्याला, आम्ही बायका स्कर्ट शिवणार, शेठजी मुंबईहून बोटीत चढवणार आणि नेसणार जर्मनीतली कुणी बाई. एका स्कर्टनं एवढा प्रवास केला तेवढा मी जन्मात केला नाही.

माघ लागला आणि शेठजींचा फोन आला. जर्मनीत नवा कायदा झालाय, काही रंग कातडीला घातक म्हणून बंद. छापून झालेल्या कापडाचा नमुना मुंबईत तपासून घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तो नमुना भैरवगढहून थेट त्यांच्याकडे गेला होता आणि तपासणीत नापास झाला होता. "अक्का, तुमचं कापड विषारी आहे," असं म्हणाले ते. होळीच्या आत दुसरा चांगला नमुना आला नाही तर काम मिलच्या छापील कापडावर आणि दुसरीकडच्या कारखान्यात जाणार. म्हणजे आमची मशिनं बंद. मंदा, शकू, रुक्साना, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या. मी त्यांना सांगून बसले, मी स्वतः जाऊन आणते. सांगताना काय जातं आपलं.

बस सकाळची होती. पिशवीत दोन लुगडी, चिवडा, शिवणाची कात्री (ती माझ्या पिशवीतून कधी निघत नाही) आणि शेठजींनी परत पाठवलेला नापास नमुना, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वर लाल फुली मारलेली. बिजासनच्या घाटात देवीपाशी गाडी थांबली. ड्रायव्हरनं नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि दोन वळणं पुढं जाऊन टायर बसला. मग आम्ही सगळे दगडांवर बसून पळसाला फुलं आलीत का ते बघत राहिलो. आली होती, पण माझं लक्ष कुठं होतं. मला तो लाल रंग बघूनसुद्धा शेठजीच आठवले.

इंदूरला गाडी बदलली. पुढं वसुवन्संनी बजावलं होतं, उज्जैनच्या वेशीवर नानाखेड्याला उतरा, घर तिथून जवळ आहे. वसुवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, वसुधा. लग्न होऊन तिकडं गेल्याला चाळीस वर्षं झाली असतील. तर मला लागला डोळा आणि नानाखेडा मागं गेलं. गावात उतरले, टेम्पोवाल्याला म्हटलं, नानाखेडा. त्यानं माझे पांढरे केस बघितले, पिशवी बघितली आणि "आओ माताजी" म्हणून थेट राम घाटावर नेऊन सोडलं. माझ्या वयाची बाई पिशवी घेऊन उज्जैनला येते ती आणखी कुठं जाणार, असा त्याचा हिशेब.

घाटावर संध्याकाळची गडबड होती. क्षिप्रेचं पाणी पार खाली गेलेलं, पायऱ्यांवर ओली लुगडी वाळत होती. एक पंडे महाराज माझ्याबरोबर चालायला लागले. गाव कुठलं, गोत्र कुठलं, कुणाचं करायचंय? मी म्हटलं, कुणाचं नाही. ते म्हणाले, घाटावर आलात म्हणजे कुणाचं तरी असणारच. शेवटी वैतागून मी म्हटलं, "महाराज, एक जर्मनी का कानून है, उसका कर दो." ते थबकले, मग अगदी गंभीरपणे विचारायला लागले की कानून साहेबांना जाऊन किती दिवस झाले. मी हात जोडले आणि रिक्षा शोधली.

वसुवन्सं दारातच उभ्या होत्या. त्यांचं मराठी तिकडं राहून कसं झालंय ते तुला माहीत आहे. "वहिनी, किती परेशान केलं तुम्ही. मी केव्हाची वाट पाहून राहिली आहे. पहिले नहाऊन घ्या, मग चाय." त्यांचे यजमान वसंतराव बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. चहाचा कप हातात पडायच्या आत त्यांनी मला आयात, निर्यात, कोटा सगळं समजावलं. आमचं कापड छापणाऱ्या हनीफभाईंकडे फोन नसल्यानं नमुन्याचा निरोप शेठजींनी वसंतरावांकडेच दिला होता आणि स्कूटरवर भैरवगढला जाऊन तो त्यांनी पोचवला होता. मी विचारलं, काय सांगितलंत नेमकं? म्हणाले, "सांगितलं की बाहेरदेशी दाखवायचा आहे, अच्छासा नमुना भेजो." वसुवन्सं आतून म्हणाल्या, यांना कुठंही पाठवलं की हे स्वतःचं काहीतरी जोडून येतात. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. चांगला नमुना पाठवा, यात वाईट काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर पोहे-जलेबी खाल्ली. आपले पोहे वेगळे, तिथले वाफेवरचे, वर मूठभर शेव आणि शेजारी जलेबी, एकाच बशीत. मला आधी कसंसंच वाटलं, मग दुसरी बशी मागवली. भैरवगढला निघाले तर हा रिक्षावालाही मला काळभैरवाच्या देवळाशीच उतरवायला बघत होता. त्याला म्हटलं, बाबा रे, देवाला सांग येते नंतर, आधी छपाईवाल्यांकडे ने.

भैरवगढला तिथले लोक भेरूगढ म्हणतात. गल्लीत शिरलं की ठशांचा आवाज येतो, ठप ठप, मध्ये मुठीचा एक जोरकस ठोका. हनीफभाईंचं घर आणि कारखाना एकच. पुढच्या पडवीत लांब मेज, मागं अंगणात तांब्याच्या मोठ्या हंड्याची भट्टी, त्यापलीकडे उतार आणि नदी. माणूस पन्नाशीचा, बारीक, हात कोपरापर्यंत लाल. मला त्यांनी मौसीजी म्हटलं आणि खुर्ची पुसून दिली. त्यांची आई, सगळे अम्मा म्हणतात त्यांना, खाटेवर बसून ठसे पुसत होत्या.

मी आल्या आल्या विषारी हा शब्द काढला नाही. म्हटलं, आधी काम बघू. आणि बघ सुनंदा, मला ते काम बघून शेठजींचा रागच आला. कोरं कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळट करतात. मग तुरटी आणि डिंकाचा ठसा मारतात, तो दिसतसुद्धा नाही नीट. नदीत धुतात, आणि मग भट्टीत धावड्याची फुलं आणि रंग घालून उकळतात, तेव्हा जिथं तुरटी लागली तिथंच लाल चढतो, बाकीचं उन्हात आणि पाण्यात परत पांढरं होतं. लाल म्हणजे कसा, भाजलेल्या विटेसारखा, शांत. आमची थानं (थान म्हणजे कापडाचा अख्खा ताका) वाळूवर पसरलेली होती, शेवटची धुलाई तेवढी राहिली होती. मी वाकून एकाचा काठ हातात घेतला.

मग पिशवीतून पुठ्ठा काढला आणि तो नमुना शेजारी धरला. ठसा तोच, वेलबुट्टी तीच. पण रंग कसा, कुंकवाच्या पुडीसारखा भडक. आणि बोटांत चोळून पाहिलं तर कापडच वेगळं. मालेगावचं सूत माझ्या बोटांना ओळखू येतं, जन्म गेला त्यात. हे तलम होतं, मिलचं.

मी हनीफभाईंना विचारलं, हे काय आहे? त्यांनी पुठ्ठा घेतला आणि चेहरा खुलला त्यांचा. म्हणाले, ही भाचीच्या लग्नाच्या घागऱ्याची उरलेली पट्टी. घरातली सगळ्यात सुंदर चीज हीच होती. बाबूजींनी अच्छासा नमुना मागितला म्हणून अम्मांच्या पेटीतून काढून दिली. लग्नाच्या कापडाला चमक हवी असते, म्हणून तेवढ्याला पुडीचा रंग वापरतात, बाजारात तयार मिळतो, झटकन चढतो. एरवी नाही.

"और हमारा थान?" मी म्हटलं. "उसमें से क्यों नहीं काटा?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना कुणाच्या घरात शिरून ताट उचलायला सांगितलं. "मौसीजी, आपका थान है. अमानत है. मालिक के हाथ में जाने से पहले उस पर कैंची कैसे लगाता?"

अम्मांनी ठसा खाली ठेवला आणि मला समजावून सांगितलं. छीपांकडे दुसऱ्यांचं कापड येतं, महिना महिना राहतं. एक छीपा वीतभर कापड कापून ठेवतो अशी शंका आली तरी गल्लीचं नाव जातं. म्हणून तिथं रीत आहे, थान आलं तेवढंच्या तेवढं परत जायचं, दोन्ही टोकांचे काठ मालकाला दाखवून. छीपाच्या घरात मालकाच्या थानाला कात्री लागत नाही. त्यांच्या सासऱ्यांच्या काळात लागली नाही आणि हनीफच्या काळातही लागणार नाही.

आता सांग, कुणावर ओरडू? कायदा म्हणतो, प्रत्येक थानातून तुकडा कापून दाखव, नाहीतर तू चोर. रीत म्हणते, थानातून तुकडा कापलास तर तू चोर. मधल्या मध्ये वसंतरावांचा अच्छासा. माझं डोकं असं तापलं की मी नदीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग तोंडातून निघून गेलंच, की तुमच्या या पट्टीमुळे मुंबईला आपल्या कापडाला विषारी म्हणतात.

हनीफभाईंनी आपले हात बघितले आणि पाण्यात बुडवून चोळायला लागले, लाल जाणार नव्हताच. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की हा पुडीचा रंग अंगाला वाईट, तिकडच्या सरकारनं बंद केलाय, कपड्यात चालत नाही.

अम्मांनी विचारलं, "वहाँ की औरत नहीं पहन सकती, तो हमारी बच्ची जो पहन के गई है?"

सुनंदा, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्याकडे असेल तर द्या मला याचं उत्तर. तिकडच्या बाईच्या कातडीची काळजी घेणारा कायदा समुद्र ओलांडून भैरवगढच्या गल्लीपर्यंत आला, पण तिथल्या नवरीपाशी थांबला नाही, तसाच पुढं थानाकडे गेला. चहा आला, तो प्यायला.

नमुना तर घ्यायलाच हवा होता. हनीफभाई म्हणाले, शेवटची धुलाई होऊ द्या. दोन दिवसांनी मी परत गेले. त्यांनी थानं पडवीत आणून रीतीप्रमाणे एकेकाचे दोन्ही काठ माझ्यासमोर उलगडले, माझ्याकडून "बरोबर" म्हणवून घेतलं आणि मग थानं माझ्या मांडीवर ठेवली. कापड माझं झालं. मी पिशवीतून कात्री काढली आणि प्रत्येक थानाच्या टोकाचा तळहाताएवढा तुकडा कापला. त्या वेळी हनीफभाई दुसऱ्या बाजूला बघत होते.

तुकडे कुरिअरनं मुंबईला गेले. मग नुसती वाट बघणं. वसुवन्संनी माझा वैताग उतरावा म्हणून दालबाफले केले (बाफले म्हणजे कणकेचे गोळे आधी उकडून मग भाजलेले, तुपात बुडवून वरणाबरोबर खायचे). ते खाल्ले की माणसाला राग यायला जागाच उरत नाही, झोप येते. वसंतराव रोज सकाळी पेपर वाचून सांगायचे, आता सगळं सोपं होणार आहे. वसुवन्सं म्हणायच्या, "तुम्ही आता कोणाला अच्छासा काही बोलू नका, बस्स." होळी जवळ येत चालली होती. धुळ्याहून मंदाचा फोन आला, तिनं फक्त एवढंच विचारलं की अक्का, मशिनांना तेल घालून ठेवू का. मी म्हटलं, घाल. आणि फोन ठेवून देवघरात जाऊन बसले.

शेवटी शेठजींचा निरोप आला, फोन करा. घरच्या फोनवरून परगावी लागत नव्हतं, म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. काचेच्या खोक्यात मी आणि वसुवन्सं कशाबशा मावलो, वसंतराव बाहेर काचेला नाक लावून उभे.

शेठजी म्हणाले, पास झालंय. सगळेच्या सगळे तुकडे पास. मी वसुवन्संचा हात दाबला. मग शेठजी म्हणाले, "पण अक्का, रंग असा मळका का? पार्टीला पहिला लाल आवडला होता. त्या नमुन्यातला अर्धा तुकडा मी त्यांना पाठवला होता."

घे. ज्या पट्टीनं घात केला तीच पट्टी त्यांनी तिकडे दाखवून ठेवली होती आणि तिकडच्यांचं मन तिच्यावर बसलं होतं. मी एरवी शेठजींशी अदबीनं बोलते. त्या दिवशी नाही जमलं. म्हटलं, "शेठजी, त्यांचा कायदा म्हणतो भडक नको, त्यांचं मन म्हणतं मळका नको. त्यांना म्हणावं, आधी घरात बसून ठरवा, मग आम्हाला सांगा. तोवर माझ्या बायका मशिनं पुसत बसतील."

पलीकडे काही ऐकूच येईना. मला वाटलं लाईन कटली, नाहीतर काम कटलं. मग शेठजी म्हणाले, बघतो, उद्या सांगतो.

तो दिवस कसा काढला ते विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. पार्टी तयार आहे, याच लाल रंगात घेतो म्हणतात, पण पुढच्या वेळी जरा उजळ करता आला तर बघा. मी म्हटलं, बघते. अजून दर वेळी ते हेच म्हणतात आणि मीही हेच म्हणते.

निघायच्या दिवशी थानं घ्यायला भैरवगढला गेले. जाताना काळभैरवाला उभ्याउभ्या नमस्कार केला, उधारीच होती ती. अंगणात भट्टी चालू होती. अम्मा खाली बसून एका कोऱ्या थानाच्या टोकाला दोऱ्यानं एक पट्टी टाचत होत्या. मी विचारलं, हे काय? हनीफभाई जरा लाजून म्हणाले, ही पट्टी आमच्या स्वतःच्या कापडाची. आता तुमच्या प्रत्येक थानाला अशी एक टाचणार. त्याच हिरड्यात जाईल, त्याच भट्टीत, त्याच नदीत. शेवटी टाके उसवून मुंबईला पाठवून देऊ. "कानून को उसका टुकड़ा मिल जाएगा, और थान पूरा का पूरा." शेठजींना मी फोनवर विचारलं तर ते म्हणाले, रंग तोच आणि भट्टी तीच असेल तर तपासणीवाल्यांना चालेल. वसंतराव म्हणाले, नियमात बसतं का हे बघायला हवं. वसुवन्संनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

निघताना भट्टीच्या कडेला आणखी एक कापड वाळत पडलेलं दिसलं. तलम, मिलचं, मोठ्या बुट्टीचं. लग्नाचंच असणार. रंग मात्र विटेसारखा. मी अम्मांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, हनीफच्या दुसऱ्या भाचीचं आहे, रुसली आहे, चमक नाही म्हणते. रुसू दे. पहिलीला निरोप पाठवलाय, घागरा पेटीत ठेव म्हणून.

परतीची बस ठीक चालली असं वाटत होतं, तर राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर माझं गाठोडं खाली उतरवलं. एवढं कापड घरचं की धंद्याचं, कुठं छापलं, कुठं जाणार. मी कागद दिले. नाक्यावरच्या माणसानं ते उलटसुलट करून पाहिले आणि थानं उलगडून मोजायला घेतली. बाजार खुला झाला ना, मग हा दोर कशाला आडवा? जर्मनीच्या कायद्यातून सुटलेलं कापड बाजेवर पसरलेलं, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि मी काठ धरून उभी, म्हणतेय की उलगडा, मोजा, हवं तर अंगावर घेऊन बघा, पण कात्री लावायची नाही. तो बिचारा म्हणाला, आजी, माझ्याकडे कात्री नाहीच. मग गाडीतल्या बायकांनीच उतरून घड्या घालायला मदत केली. एकीनं तर रंग चांगला आहे म्हणून पत्ता मागितला.

धुळ्याला पोचले तेव्हा सगळ्याजणी मंडळाच्या दारात होत्या. मंदानं खरंच मशिनांना तेल घातलं होतं. होळीच्या आत स्कर्ट गेले. तुझ्या अंगावर होता तो त्यातलाच एखादा असेल, आत कमरेच्या पट्टीला दुहेरी टीप आहे का बघ, ती शकूची खूण. तो परदेशी जायचा सोडून पुण्याच्या फुटपाथवर कसा आला हे मात्र मला कुणी सांगू शकलेलं नाही. शेठजीही नाही.

मी एवढं फिरले, एवढी चिडले, आणि शिकले काय, तर कापड कुणाचं आहे हे विसरू नये. हनीफभाईंना ते माहीत होतं आणि त्यापायीच ते अडकले.

आता तुझं काम. त्या फेरीत मी एक छोटं थान वेगळं घेतलं, विटेच्या लाल रंगाचं. पेटीत आहे. तुझा परकर शिवायचा आहे त्याचा, माप घ्यायला तू हवीस. मंदा म्हणते, अंदाजानं कापू या. पण त्याच्यावर तुझं नाव टाकून ठेवलंय मी, आता मला त्याला कात्री लावता येत नाही. काठ तुला दाखवायचे आहेत. लवकर ये.